बरोबर उत्तरावर टिक करू नकोस: जपानमधल्या लहान मुलांना इंग्रजी शिकवायला जाताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात जपानी शिकून एन४ (जपानी भाषा-परीक्षेची एक पातळी) झाली आहेस, एप्रिलपासून एका एजन्सीमार्फत साइतामा प्रांतातल्या चार बालवाड्या-पाळणाघरांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जायचं आहे. तिथल्या रीतीभातींशी जमवून कसं घ्यायचं, आपले उच्चार चालतात का आणि शाकाहारी माणसाचं काय होतं, एवढं तुला हवं आहे. ताई म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगंवर येते. मी तेरा वर्षं हेच करते आहे. आधी आइची प्रांतात बालवाड्या केल्या, आता तोक्योच्या पूर्वेकडच्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये आहे.

किती वाकायचं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, हे तुला एजन्सीच्या प्रशिक्षणात सांगतील आणि ते पंधरा दिवसांत जमेलही. त्यात कुठे चुकलंच तर मोठी माणसं सांभाळून घेतात. मुलं मात्र सांभाळून घेत नाहीत, कारण आपण चुकलो हे त्यांना कळतच नाही; आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं. माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट सांगते. पाच वर्षांच्या मुलांना चित्रांचा कागद दिला होता: ‘डॉग’ म्हटलं की कुत्र्याभोवती गोल करायचा. एका मुलीचे सहाच्या सहा बरोबर आले. आपल्या शाळेतल्या सवयीने मी लाल पेनने प्रत्येक उत्तरावर झकास टिक केली. ती कागदाकडे बघत राहिली, मग गुपचूप खोडरबर काढून आपले गोल पुसायला लागली. तिच्या वर्गशिक्षिका आल्या, तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि काही न बोलता माझ्या टिकेवरून गोल काढला, गोलाभोवती पाकळ्या काढल्या, खाली दोन पानं काढली. मुलीचा चेहरा उजळला. जपानमध्ये बरोबर उत्तराला ‘मारु’, म्हणजे गोल देतात. टिकेची खूण ‘इथे चुकलंय, पुन्हा बघ’ म्हणून वाचली जाते. पाकळ्यांच्या गोलाला ‘हानामारु’ म्हणतात, आणि या वयाच्या मुलांना त्याहून मोठं बक्षीस नाही. विमानात बसण्याआधी हानामारु काढायचा सराव कर, खरंच सांगते. आतून भोवऱ्यासारखा फिरवत गोल काढायचा, मग पाकळ्या. आणि कागदावर मुलाचं नाव लिहायची वेळ आली तर लाल पेनने लिहू नकोस, ते अशुभ मानतात.

अशा बारीक गोष्टी बऱ्याच आहेत, आणि भाषा शिकवणाऱ्याला त्या फार नडतात, कारण लहान मुलांना आपण शिकवतो ते हातवारे आणि चित्रं वापरूनच. तळहात खाली करून बोलावणं आपल्यासारखंच आहे, तिथे तुला अमेरिकन सहकाऱ्यांपेक्षा सोपं जाईल. पण ‘मी’ म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो, ती मुलं नाकावर बोट ठेवतात. ‘हू?’ विचारल्यावर मूल नाकाला बोट लावून उभं राहिलं तर ते ‘नोज’ सांगत नसतं, ‘मी, मी’ म्हणत असतं. आपण मान डोलावून हो म्हणतो ती डोलवण त्यांना अजिबात वाचता येत नाही. हो म्हणजे सरळ वर-खाली, एवढंच ठेव. बोटांवर मोजताना ती मुलं उघड्या पंजापासून सुरू करतात आणि अंगठ्यापासून एकेक बोट मिटत जातात. आपण पेरं मोजतो नाहीतर बोटं उघडत जातो. तू ‘वन, टू, थ्री’ म्हणत बोटं उघडलीस आणि ती मिटत राहिली, तर आकडे शिकवताना निम्मा वर्ग गोंधळेल. मी आता खडे किंवा ठोकळे वापरते, बोटं वापरतच नाही.

रंगांचंही तसंच. सूर्याचा रंग विचारला की सगळा वर्ग ‘रेड!’ ओरडणार. चित्रातला सूर्य तिथे लालच असतो. सिग्नलच्या हिरव्या दिव्याला जपानीत ‘आओ’, म्हणजे निळा म्हणतात. तेव्हा ‘गो’चा दिवा ‘ब्लू’ म्हणून सांगणारं मूल चुकत नसतं, ते भाषांतर करत असतं. तिथे ‘नो’ म्हणू नकोस. ‘येस, आओ! इन इंग्लिश, ग्रीन’ एवढं पुरतं. चंद्राची गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. अमेरिकेतून आलेल्या शिक्षकाला चंद्रावर माणसाचा चेहरा दिसतो, जपानी मुलांना ससा दिसतो, ‘मोची’ या तांदळाच्या चिकट गोळ्यांसाठी भात कांडणारा. आपल्यालाही ससाच दिसतो, शशांक हा शब्दच त्यावरून आला. शरद ऋतूत ‘त्सुकिमी’च्या, म्हणजे चंद्र बघायच्या दिवसांत मी हे मुलांना सांगते, तेव्हा इंडिया म्हणजे हत्ती आणि करी याच्या पलीकडे ती पहिल्यांदा माझ्याकडे बघतात.

आता वर्गाचं. तीन ते सहा वयाला इंग्रजी हा सरकारी अभ्यासक्रमाचा भाग नाही. प्राथमिक शाळेत २०११ पासून पाचवी-सहावीला ते सक्तीचं झालं आणि २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास खेळ-संभाषण आणि पाचवी-सहावीला ७० तास रीतसर विषय, अशी विभागणी आहे. म्हणजे तुझ्या बालवाड्यांनी इंग्रजी स्वतःच्या पैशाने, पालकांना हवं म्हणून ठेवलेलं असणार. त्यांना मुलांनी काय पाठ केलं यापेक्षा मूल आनंदात होतं का, आणि दिवसाची घडी विस्कटली नाही ना, याची जास्त काळजी असते. तुला वीस किंवा तीस मिनिटं मिळतील. नऊ वीसला संपवायचं म्हणजे नऊ वीसलाच. आपल्याकडे रंगलेला तास पाच मिनिटं वाढला तर कौतुक होतं. तिथे त्या पाच मिनिटांत हात धुणं, टोप्या घालणं, अंगणात जाणं असं सगळं लांबतं आणि पुढच्या तीन वर्गांना त्रास होतो. उशिरा सुरू करण्यापेक्षाही उशिरा संपवणं मला तिथे जास्त महागात पडलं.

त्या घडीत इंग्रजी कुठे बसवायचं, हेच खरं काम आहे. प्रत्येक वर्गात रोज एक-दोन मुलं ‘तोबान’ असतात, म्हणजे त्या दिवसाची पाळी त्यांची. जेवणाआधी पुढे उभं राहून ती सगळ्यांना ‘इतादाकिमास’ म्हणायला लावतात. पहिली दोन वर्षं मी तास स्वतः सुरू करायचे, टाळ्या वाजवून, मोठ्या आवाजात, आणि निम्मी मुलं खिडकीबाहेर बघत असायची. मग एका वर्गशिक्षिकांनी सुचवलं की तोबानला दोन वाक्यं द्या. आता तोबान पुढे येतं, ‘स्टँड अप, प्लीज. लेट्स स्टार्ट इंग्लिश’ म्हणतं आणि वर्ग सुतासारखा सरळ उभा राहतो. ते वाक्य वर्षभरात प्रत्येक मुलाच्या तोंडी येतं, तेही पाठ न करवून घेता. संपतानाचंही तसंच.

दुसरी घडी म्हणजे ‘जांकेन’, दगड-कागद-कात्री. आधी कोण खेळणार, उरलेलं कार्ड कोणाला, कोणाच्या शेजारी कोण, सगळं जांकेनवर ठरतं, आणि हरलेलं मूल सहसा वाद घालत नाही. तू शिक्षिका म्हणून ‘यू फर्स्ट’ असं बोट दाखवलंस तर मात्र का-बरं-तिला अशी कुजबुज सुरू होईल. ‘रॉक, पेपर, सिझर्स, वन, टू, थ्री’ हे पहिल्या आठवड्यातच शिकव. बरोबरी झाली की ती ‘आइको देशो’ म्हणतात, त्याच चालीवर ‘वन मोअर टाइम’ घालता येतं.

आणि शांततेला घाबरू नकोस. ‘व्हॉट्स धिस?’ विचारल्यावर मूल आधी शेजारच्याकडे बघेल, दोघं डोकी एकत्र आणून काहीतरी ठरवतील, मग उत्तर येईल. आपल्याला वाटतं उत्तर येत नाही, म्हणून आपणच सांगून मोकळं होतो. मनात सात-आठ आकडे मोज. वर्गापुढे एकट्याने चुकणं तिथे मुलांना फार जड जातं. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून, मग रांगेने, मग जोडीने, आणि ज्याला हवं त्याने एकट्याने, असा क्रम मी कधी सोडत नाही. ‘हाइ’, म्हणजे ‘हो’, या शब्दाचं मात्र लक्षात ठेव. मुलं ‘हाइ’ म्हणाली म्हणजे त्यांना समजलं असं नाही. बऱ्याचदा ‘ऐकतेय’ एवढाच त्याचा अर्थ असतो. मोठ्यांचंही तेच.

मोठ्यांवरून आठवलं, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथलीच. दुसऱ्या वर्षी दिवाळीत मी लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की नेली होती. मुलांना दिवाळी सांगावी, पणतीचं चित्र रंगवून घ्यावं आणि शेवटी एकेक तुकडा हातावर ठेवावा, असा बेत. आदल्या आठवड्यात वर्गशिक्षिकांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘छान आहे हो. चिक्की... तिचं जरा...’’ आणि ‘चोत्तो’, म्हणजे ‘जरा’, या शब्दावर थांबल्या, मान किंचित कलती करून. मला फक्त ‘छान’ ऐकू आलं. प्रत्यक्ष तासाला मी डबा उघडला तेव्हा त्या झटकन उठल्या, हसतमुखाने मुलांना म्हणाल्या की हे सेन्सेइंच्या, म्हणजे बाईंच्या, देशातलं खास आहे, आपण कार्यालयात नीट ठेवू या, आणि डबा घेऊन गेल्या. त्या वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती. संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं, आवाज न चढवता बोलल्या. घरी जाऊन मी खूप रडले. काही झालं नाही, पण काय होऊ शकलं असतं हे आजही अंगावर येतं.

त्यातून दोन गोष्टी घे. एक, बाहेरचं खाणं मुलांना कधीच द्यायचं नाही, गोळीसुद्धा नाही. शेंगदाणे, अंडी, दूध, गहू, सोबा (कुट्टू), कोळंबी आणि खेकडा हे तिथे पाकिटावर छापणं सक्तीचे पदार्थ आहेत, २०२३ मध्ये त्यात अक्रोडही आला. बालवाडीत प्रत्येक मुलाची अ‍ॅलर्जीची नोंद असते आणि काही मुलांचं ताट-ट्रे वेगळ्या रंगाचं असतं. दुसरी, ‘चोत्तो’वर थांबलेलं वाक्य म्हणजे नकार. ‘मुझुकाशीइ देसु ने’, म्हणजे अवघड आहे हो, हाही नकार. ‘विचार करून बघू’ हा बहुतेक वेळा नकार. आपल्याकडेही ‘बघू या’ म्हणून टाळतोच की आपण, फक्त आपल्याला तो सूर घरचा म्हणून कळतो. परक्या भाषेत आपण शब्दांनाच धरून बसतो. शंका आली तर ‘मग हे नको करू या का?’ असं उलटं विचारत जा. समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं.

याच कारणाने तिथे ‘होउरेन्सोउ’ पाळतात: होउकोकु म्हणजे झालेलं सांगणं, रेनराकु म्हणजे कळवणं, सोउदान म्हणजे आधी विचारणं. तिन्हींची पहिली अक्षरं जोडून पालकाच्या भाजीचं नाव होतं, म्हणून कोणी विसरत नाही. मूल पडलं, रडलं, पेन्सिल टोचली, तर जखम दिसत नसली तरी निघण्याआधी वर्गशिक्षिकांना सांगायचंच. घरी जाणाऱ्या ‘रेनराकुचो’ वहीत त्या ते लिहितात आणि पालकांना ते त्याच दिवशी कळतं. आपण नंतर कळवलं तर आपण लपवलं असा अर्थ होतो.

मुलांच्या भांडणात तू लगेच पडू नकोस. एका खेळण्यावरून दोघं ओढाताण करत असली आणि त्यांच्या शिक्षिका शांत उभ्या राहून बघत असल्या, तर त्यांचं लक्ष नाही असं समजू नकोस. त्याला ‘मिमामोरु’ म्हणतात, नजर ठेवून सांभाळणं. तिसरं एखादं मूल मध्ये पडून समजूत घालतं का, याची त्या वाट बघत असतात. मला हे पटायला वेळ लागला. आपल्याकडे बाई मध्ये पडून निवाडा करतात. आज मात्र मला वाटतं की लहान वयात एकमेकांना सावरायला ती मुलं इतकी लवकर शिकतात, याचं बरंचसं कारण हेच असावं. चारचौघांत मुलाला रागावणं तर टाळच. बाजूला घेऊन, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून बोल. कौतुकाने गालगुच्चा घ्यायची आपली सवय पुण्यातच सोडून जा.

जेवणाचं. पाळणाघरात दुपारी थांबणार असशील तर मुलांबरोबर जेवायला बसावं लागेल. तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मासे चालत असतील असं अनेकांना वाटतं, आणि भाजीत, सूपमध्ये, सोयाच्या रश्शातही ‘दाशि’ असतो, जो बहुधा सुक्या माशाच्या कातळ्यांचा असतो. म्हणून शब्द न वापरता यादी सांग: मांस नाही, मासे नाहीत, माशाचा दाशि नाही, अंडं चालतं की नाही. डबा न्यायची परवानगी आधी एजन्सीमार्फत माग. मुलांना ‘काही टाकायचं नाही’ ही शिस्त असते, तेव्हा सेन्सेइ निवडून खाते असं त्यांना वाटू देऊ नकोस. तुझा डबा त्यांच्यासमोर शेवटच्या शितापर्यंत संपव. मी त्यांना सांगते की आमच्याकडेही जेवणाआधी श्लोक म्हणतात, आणि इतादाकिमासला हात जोडायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. वाणसामानाची काळजी करू नकोस, तोक्योच्या एदोगावा भागातल्या निशिकासाइला आपली डाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं.

उच्चारांबद्दल सरळ सांगते. काही पालकांना गोरा शिक्षक हवा असतो, हे तुला जाणवेल आणि वाईट वाटेल. त्यावर बोलून उपयोग नाही, शिकवून असतो. आपल्या काही उणिवा खऱ्या आहेत: ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपण एकाच ‘व’ने म्हणतो, ‘थिंक’चा ‘थ’ आपल्या ‘थाळी’तल्या ‘थ’सारखा करतो. त्या दोन जागांवर आरशासमोर मेहनत घे. पण आपल्याला स आणि श, ल आणि र लख्ख वेगळे ऐकू येतात, आणि ‘सी’चं ‘शी’ होतंय हे मूल म्हणता क्षणी कळतं. जपानी मुलांची खरी अडचण शेवटच्या स्वराची. ‘मिल्क’चं ‘मिरुकु’ होतं, ‘कॅट’चं ‘क्यात्तो’. मी टाळी वापरते. ‘मिरुकु’ला तीन टाळ्या, ‘मिल्क’ला एक. आधी त्यांची जपानी मोजून घ्यायची, मग म्हणायचं, आता एकाच टाळीत बसवा बघू. चार वर्षांची मुलं एका टाळीत ‘मिल्क’ बसवायला जी धडपड करतात, ओठ आवळून, डोळे मिटून, ती बघत राहावी अशी असते.

शब्दांचे सापळेही सांगून ठेवते. ‘पँट्स’ म्हणजे तिथे आतले कपडे, ‘जूस’ म्हणजे कुठलंही गोड पेय. ‘पान’ म्हणजे ब्रेड, पोर्तुगीजांकडून आलेला, आपला पाव आला तिथूनच. पावाचं चित्र दाखवल्यावर ‘पान!’ ऐकू आलं की मी त्यांना ‘पाव’ही सांगते, मग ‘ब्रेड’. तीन शब्दांतला एक इंग्रजी आहे एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ.

बुटांचं थोडक्यात: दारातला खालचा भाग म्हणजे गेन्कान, तिथे बाहेरचे बूट, वरच्या पायरीवर ‘उवाबाकी’, आतले पांढरे बूट, ते स्वतःचे न्यायचे. उवाबाकी खाली टेकली की सर्वात आधी मुलंच ओरडतील. संडासाच्या चपला तिथेच सोडायच्या. जमिनीवर बसताना मांडीला बऱ्याच बालवाड्यांत ‘बाबांची बैठक’ म्हणतात आणि गुडघे मुडपून बसण्याला ‘आईची’. बायकांनी मांडी घालणं औपचारिक वेळी बरं दिसत नाही, म्हणून पालकांच्या भेटीच्या दिवशी गुडघ्यांवर बस.

फोनमध्ये मुलांचा एकही फोटो काढू नकोस. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला म्हणूनही नको, पाठमोराही नको. यावरून नोकरी जाऊ शकते.

सणांत मनापासून सामील हो. ३ फेब्रुवारीच्या सुमाराला सेत्सुबुन येतो. कोणीतरी मुखवटा घालून ओनि, म्हणजे राक्षस होतं आणि मुलं ‘ओनि वा सोतो, फुकु वा उचि’ ओरडत भाजलेले सोयाबीन फेकतात. दाणा घशात अडकू नये म्हणून आता बऱ्याच ठिकाणी कागदाचे बोळे असतात. पीडा बाहेर, भाग्य आत. आपलं ‘इडापिडा टळो’ आहे ते. छोटी मुलं त्या दिवशी खरंच घाबरतात, तुझ्या मागे येऊन लपतात, आणि त्यानंतर त्यांचं तुझ्याशी नातं बदलतं.

भूकंपाचा सराव मात्र मजेवारी घेऊ नकोस. महिन्यातून एकदा तरी होईल. ‘ओ-का-शि-मो’ पाठ कर: ओसानाइ, काकेनाइ, शाबेरानाइ, मोदोरानाइ, ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. जमीन हलली की त्या क्षणी इंग्रजी तास संपला. सूचना जपानीतच द्यायच्या, तू स्वतःही टेबलाखाली जायचं, कारण मुलं तुझ्याकडे बघून ठरवतात. माझ्या वर्गात एकदा मोठा धक्का बसला तेव्हा माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं आणि पुढे काही सुचेना. चार वर्षांच्या एका मुलाने माझा कुर्ता ओढून मला खाली बसवलं.

किती वेळ लागतो विचारलं होतंस. एका एप्रिलपासून दुसऱ्या एप्रिलपर्यंत. सगळे सण, सगळे सराव, पालकांची भेट आणि मार्चमधला मोठ्या गटाचा निरोप एकदा अंगावरून गेला की दुसऱ्या वर्षी हात आपोआप चालतात. तोवर पहिला महिना वर्गशिक्षिका काय करतात ते वहीत टिपून ठेव, वाटल्यास मराठीत.

आणि छातीवरच्या बॅजवर नाव हिरागाना लिपीत लिही, काताकाना लिपीत नको. परकी नावं काताकानात लिहितात हे खरं, पण लहान मुलं आधी हिरागाना वाचायला शिकतात. तुझ्या नावात व असेल तर ब होईल, ल असेल तर र. मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे पाच वर्षांची मुलं बॅजवर बोट ठेवून एकेक अक्षर जोडत ते स्वतः वाचतील.